गावाच्या लाडक्या माणसाचं पोर घरात गप्प का होतं

ताई, तुमचं सगळं वाचलं. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते, मग बोलू. तुमचे मिस्टर कीर्तनकार, खानापूर-बेळगावपासून तिकडे चंदगड, आजरा, गडहिंग्लजपर्यंत नाव आहे, सप्त्यांचा सीझन लागला की महिना महिना घरी नसतात, यूट्यूबवर व्ह्यूज लाखात. मुलगा चौदाचा, नववीला, मराठी मीडियम. वर्षभरापासून कीर्तनाला बसत नाही, गळ्यातली तुळशीमाळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, एगराईसच्या गाड्यावर कुणीतरी बघितलं तर लगेच घरी फोन, आणि हल्ली सगळा वेळ क्रिकेटच्या ग्राऊंडवर, तिथले दोस्त सगळे कन्नड घरातले. रागावल्यावर म्हणाला, "मला ह्यांचा मुलगा म्हणून राहायचं नाही." गाव म्हणतंय दिव्याखाली अंधार. तुमचा प्रश्न असा की पोरगं वाया गेलं का, आणि दहा वर्षांची लेक अभंग छान म्हणते तर तिलाही आता ह्यातनं लांब ठेवायचं का.

वाया गेलेलं नाही. नुसता धीर द्यायचा म्हणून सांगत नाही. बेळगावात इतकी वर्षं पोरांच्या समुपदेशनाचं काम करतेय, पैलवानांची, डॉक्टरांची, पुढाऱ्यांची, नावाजलेल्या सरांची, गाणाऱ्यांची पोरं समोर बसून बोलून गेलीत. सगळ्यांना वाटतं ह्या पोरांना आईबापाचं नाव जड होतं. नाव जड होतंच, पण ते पोरं सांभाळून घेतात, कितीतरी जणांना त्याचा अभिमानच असतो. खरं जड होतं ते वेगळंच, त्यांना आईबापाची तक्रार करायला जागा नसते.

बघा ना, साध्या घरातलं पोरगं वडिलांवर चिडलं तर काय करतं? आत्याकडे जाऊन बोलतं, मित्राला सांगतं आमचे पप्पा असले आहेत, मित्र म्हणतो आमचे त्याहून बेकार, दोघं हसतात आणि विषय संपतो. तुमच्या मुलानं कुणाकडे जायचं? आत्या स्वतः भावाच्या पाया पडते. शाळेत गॅदरिंगला पाहुणे म्हणून पप्पाच. मित्राची आजी पहाटे उठून मोबाईलवर त्यांचंच कीर्तन लावते. "पप्पा माझ्या मॅचला कधी आले नाहीत" एवढं एक वाक्य जरी त्यानं कुठं बोलून बघितलं तरी समोरचा म्हणणार, अरे एवढे मोठे वडील मिळालेत, नशीब काढलंस. मग तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेली तक्रार जाणार कुठं, ती माळ काढण्यातनं निघते, एगराईसमधनं निघते. त्याला अंडं लय आवडतं म्हणून तो गाड्यावर गेला असेलही, पण मला वाटतं त्याला एक गोष्ट अशी हवी होती जी महाराजांच्या मुलानं करायची नसते.

आता तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंय त्यावर येते कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तुम्ही ते दोन ओळीत उरकलंय. महाराज माउलीच्या मायेवर बोलताना मुलाचा दृष्टांत देतात. सहा वर्षांचा असताना वारीत नेलं होतं, रात्री मुक्कामाला आईसाठी रडला आणि अंथरूण ओलं केलं, सकाळी दिंडीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी काही न बोलता ते धुऊन वाळत घातलं. दृष्टांत सुंदर आहे, लोकांच्या डोळ्यात पाणी येतं असं तुम्ही म्हणता, येणारच. पण त्यातलं ते अंथरूण आज नववीत शिकणाऱ्या, मिसरूड फुटणाऱ्या पोराचं आहे, आणि तो तुकडा वर्गातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. तुम्ही लिहिलंय की मुलं "थोडं चिडवतात". ताई, चौदाव्या वर्षी हे थोडं नसतं. पोरं त्याला काय नावानं हाक मारतात ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं नाही, सांगणार पण नाही.

ह्यात महाराजांचा वाईट हेतू शून्य आहे हे मी पूर्ण मानते. फडावर उभं राहिलं की घरातलंच उदाहरण पटकन सुचतं आणि ते लोकांना भिडतं. पण आधी कीर्तन त्या गावात व्हायचं आणि त्या रात्रीपुरतं राहायचं, आता ते कायमचं राहतंय, एवढा एक बदल आपण सगळ्यांनीच नीट लक्षात घेतलेला नाही. म्हणून पहिलं काम हे करा. चॅनल जो पोरगा सांभाळतो त्याला सांगा, यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये अख्खा व्हिडिओ न काढता मधला तेवढाच तुकडा कापता येतो, लिंकही तीच राहते (व्हिडिओला लाखाच्या वर व्ह्यूज असतील तर मात्र चॅनल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये असायला लागतं, ते त्याला बघायला सांगा). दुसऱ्या चॅनलवाल्यांनी उचललेलं सगळं पुसलं जाणार नाही, ते मान्य, तरी फोन करून सांगा, महाराजांचा शब्द कोण मोडत नाही. आणि कापायच्या आधी मुलाला दाखवा की हे आम्ही कापतोय, चालेल का, अजून कुठलं काढायचं. त्याला विचारणं हे त्या कापण्यापेक्षा मोठं आहे.

मग महाराजांनी त्याच्याशी एकदा बोलायचं. लांबलचक नको, त्यांना बोलायची सवय आहे आणि मुलाला ऐकायची सवय झालीय, म्हणून उलट कमीच बोलायचं. "तुला न विचारता तुझी गोष्ट मी लोकांत सांगत गेलो, ते चुकलं, इथून पुढं तुझं काहीही सांगायचं असलं तर आधी तुला विचारणार, नको म्हणालास तर नाही." बास. संतांचा दाखला नको, ओवी नको, पाठीवरून हात फिरवताना फोटो तर अजिबात नको. मुलगा काही उत्तर देणार नाही, उठून आत जाईल बहुतेक, जाऊ दे. चालेल ते.

महाराजांना हे पटवायला तुम्हाला जड जाईल असं तुम्ही लिहिलंय. तर त्यांच्याच परंपरेतनं बोला, ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात सगळं. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून गावानं काय काय सोसायला लावलं हे ते दर सप्त्यात सांगत असतील, बापाच्या जगण्यावरनं पोरांना तोलायची रीत आपल्याकडे किती जुनी आहे बघा, बाप वाईट ठरला तरी आणि बाप मोठा ठरला तरी. एकनाथांचा मुलगा हरिपंडित वडिलांशी न पटल्यामुळे काशीला निघून गेला, चरित्रात हे सांगतात, नाथांनी त्याला परत आणलं आणि आणताना मुलाच्या अटी मान्य केल्या. नाथांसारख्या माणसाच्या घरात हे झालं तर आपल्या घरात झालं म्हणून तोंड लपवायचं काय कारण? चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्याचे अभंग महाराजांनी मुलाच्या जागी उभं राहून एकदा वाचावेत, तो थेट देवाकडे तक्रार करतो, आडपडदा ठेवत नाही, आणि वारकरी परंपरेनं ती तक्रार जपून ठेवली, पोरगं उद्धट आहे म्हणून फेकून दिली नाही. मला ह्याचं फार मोल वाटतं.

माळेबद्दल. तुमच्या घरात माळ हे व्रत आहे, ती काढल्यानं महाराजांना किती लागलं असेल ते मी हलक्यात घेत नाही. पण ती माळ त्याच्या गळ्यात कितव्या वर्षी घातली? तुम्हीच लिहिलंय, पाच वर्षांचा असताना. तेव्हा होय-नाही म्हणायची त्याची अक्कल नव्हती. आणि काढल्यावर त्यानं ती टाकली नाही, तोडली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली. राहू दे तिथंच. रोज उघडून बघू नका, उपास-तापासाच्या दिवशी आठवण करून देऊ नका. घालायची झाली तर तो घालेल, नाही घातली तरी तुमचाच मुलगा आहे.

गावातनं येणाऱ्या फोनचं मात्र लगेच बंद करायला हवं. प्रसिद्ध माणसाच्या पोरावर अख्खा गाव वॉचमन होऊन बसतो, कुठं दिसला, कुणाबरोबर होता, काय खाल्लं. फोन करणाऱ्याला वाटतं आपण महाराजांची सेवा करतोय. तुम्ही शांतपणे म्हणायचं, "होय, आम्हाला ठाऊक आहे, आम्ही बघतो," आणि फोन ठेवायचा. पुढची चौकशी करायची नाही, आभार पण मानायचे नाहीत, कारण आभार मानले की उद्या अजून दोन फोन येतात. आणि मुलगा घरी आल्यावर "मला कळलंय तू कुठं होतास" हे वाक्य तोंडातनं काढायचं नाही. ज्या पोराला कळतं की आपल्यावर सतत नजर आहे ते सुधारत नाही, ते लपवण्यात पटाईत होतं.

आता कन्नड दोस्तांचं. तुमच्या सासऱ्यांना हे फार लागलंय असं दिसतं, "महाराजांचा नातू आणि घरात कन्नडमध्ये फोनवर बोलतो." आपल्या भागात भाषेचा विषय निघाला की घरातल्या घरात आवाज चढतो, १९५६ पासूनचं दुखणं आहे, मी इथंच वाढले, मला ते कळतं. पण ह्या गोष्टीत भाषा हा मुद्दाच नाही. त्या ग्राऊंडवर त्याचे पप्पा कोण आहेत हे कुणाला माहीत नाही. तिथं तो फक्त चांगला कीपर आहे किंवा वाईट कीपर आहे. कॅच सोडला तर शिव्या खातो आणि घेतला तर टाळी खातो, दोन्ही त्याच्या स्वतःच्या. अख्ख्या बेळगाव तालुक्यात त्याला एवढी एकच जागा सापडलीय जिथं तो कुणाचाच मुलगा नाही, ती प्लीज बंद करू नका. आजोबांना सांगायचं तर एवढंच सांगा की पोरगं मराठी सोडून चाललं नाही, थोडा वेळ आडनाव बाजूला ठेवून येतंय.

ह्याला मानसशास्त्रात आधार पण आहे. अब्राहम टेसर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात मांडलं की आपल्या जवळचं माणूस एखाद्या गोष्टीत फार पुढं असलं तर दोन प्रकार होतात, ती गोष्ट आपल्या स्वतःच्या ओळखीची असेल तर त्या माणसाचं यश टोचतं, आणि आपलं क्षेत्र वेगळं असेल तर त्याच यशाचा अभिमान वाटतो. टोचायला लागलं की माणूस एकतर त्या माणसापासून लांब जातो, नाहीतर त्या गोष्टीपासून. तुमचा मुलगा कीर्तनापासून लांब गेलाय. त्याला वेळ मिळाला आणि क्रिकेटमध्ये नाहीतर अजून कशात पाय रोवता आला तर वडिलांबद्दल चांगलं बोलायला तो मोकळा होईल. त्याला ओढून परत टाळकऱ्यांत उभं केलं तर तुम्ही कीर्तन पण घालवाल आणि बाप पण.

आणि "दिव्याखाली अंधार" म्हणणाऱ्यांसाठी एक जुनं गणित. फ्रान्सिस गाल्टन ह्यांनी १८८६ मध्ये आईबापांची आणि त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांची उंची मोजून दाखवलं की खूप उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुतेक वेळा आईबापांइतकी नाही, ती सरासरीकडे सरकतात. तिथं बोलणं फक्त उंचीचं होतं. एखाद्याचा आवाज, पाठांतर, हजार माणसं धरून ठेवायची ताकद, वर नशीब आणि योग्य वेळ, हे सगळं एकदा जुळून आलं म्हणून पुढच्या पिढीत तसंच्या तसं परत जुळेल असं कुणी धरून चालू नये. नाही जुळलं तर त्यात पोराचा काही दोष नाही. अर्जुन तेंडुलकरनं डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याकडून रणजी पदार्पणात शतक मारलं, चोर्ला घाटापलीकडे, आपल्यापासून दोन-तीन तासांवरच्या राज्याकडून, तर सगळ्या बातम्यांत काय, वडिलांनी १९८८ मध्ये पदार्पणात मारलं होतं तसंच. पोरगं मुळात डावखुरा फास्ट बॉलर, बाप उजव्या हाताचा बॅट्समन, तरी शतक त्याचं एकट्याचं म्हणून कुणी मोजलं नाही. अपयशाची तुलना सगळ्यांना दिसते, यशाची तुलना पोराला आतनं कशी कुरतडते ते फार थोड्यांना दिसतं. म्हणून तुमचा मुलगा मॅच जिंकून आला तर "शेवटी रक्त कुणाचं आहे" असलं काही म्हणू नका, कितीही मायेनं आलं तरी.

महाराजांच्या वेळेचं काय करायचं? तारखा वर्ष वर्ष आधी दिलेल्या असतात, मोडता येत नाहीत, ठीक. पण महिन्यातनं एखादी संध्याकाळ डायरीत मुलाच्या नावानं बुक करता येते, जशी गावाच्या नावानं करतात तशी, आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, आमदाराचा फोन आला तरी. मॅच बघायला जाणार असतील तर साध्या शर्टात, मागे उभं राहून, बरोबर कुणाला न घेता, आणि तेही आधी मुलाला विचारून. तिथं दहा माणसं पाया पडायला धावली तर ती मॅच परत महाराजांचीच झाली, पोरगं परत कडेला. मला वाटतं सुरुवातीला ग्राऊंडपेक्षा दोघांनी गाडीवरनं कुठंतरी लांब जाऊन यावं, जिथं ओळखणारं कोण नाही. गाडीवर तोंडं समोरासमोर नसतात, पोरं अशा वेळी बोलतात. बोलला तर ऐकायचं, आणि त्यात वडिलांविरुद्ध काही निघालं तर उत्तर द्यायचं नाही, समजावायचं नाही. "हं, अजून?" एवढंच.

तुम्ही पण एक करा. तो तुमच्याकडे वडिलांबद्दल काही वाकडं बोलला तर लगेच "ते तुमच्यासाठीच करतात सगळं" असं म्हणू नका. तुम्हालाही महिना महिना घर एकटीनं ओढायला लागतंय, तुम्हालाही कधी राग येत असणार. "मला पण कधी कधी एकटं वाटतं" एवढं त्याला सांगितलंत तर त्यात महाराजांचा काही अपमान होत नाही, उलट त्याला कळेल की ह्या घरात असं बोललं तर आभाळ कोसळत नाही. एक मोठं माणूस अजून शोधा, मामा असेल, पीटीचे सर असतील, जो महाराजांचा भक्त नाही. असा माणूस तुमच्या गोतावळ्यात सापडायला अवघड आहे हे मला माहीत आहे, पण शोधा, आणि मग तो माणूस मुलाकडनं जे ऐकेल ते तुम्ही विचारायचं नाही.

ह्या सगळ्यात एक नीट लक्ष ठेवा. झोप पार बिघडली, जेवण तुटलं, ग्राऊंडवर जाणंही बंद केलं, अभ्यास सोडून खोलीत पडून राहतोय, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काहीही तोंडातनं आलं, तर वाट बघायची नाही, घरगुती उपाय नाही, नवस नाही, डॉक्टर. टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, बोलायची भाषा निवडता येते. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आपल्यापासून फार लांब नाही. "महाराजांच्या घरात असलं काही निघालं तर लोक काय म्हणतील" ह्या भीतीनं उशीर झालेली घरं मी बघितलीत, म्हणून हे जोर देऊन सांगते.

राहिली लेक. तिला लांब ठेवू नका, भावाच्या त्रासाची शिक्षा तिला कशाला? तिला गाणं आवडतं ना, शिकवा. पण वडिलांकडे नको, निदान सुरुवातीला नको, दुसऱ्या कुणाकडे तरी रीतसर क्लास लावा जिथं तिची चूक ही चूक म्हणून सांगितली जाईल आणि "महाराजांची मुलगी, वा" असं होणार नाही. हुबळीच्या गंगूबाई हनगल बघा, आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या, पण गंगूबाई हिंदुस्थानीकडे वळल्या, सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला शिकल्या, आणि लेकीच्या गाण्यात मिसळ नको म्हणून आईनं स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं असं सांगतात. मग गंगूबाईंची मुलगी कृष्णा, ती चांगली गायिका, वर्षानुवर्षं आईच्या मागे बसून साथ करत राहिली. एकाच घरात दोन पिढ्यांत दोन वेगळ्या वाटा, दोन्हीत माया होती, तरी कृष्णाबाईंचं नाव आपल्याकडे किती जण स्वतंत्रपणे घेतात? धारवाडला राजशेखर मन्सूर वडिलांच्या, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या मागे बसून गायले आणि कर्नाटक विद्यापीठात इंग्रजीही शिकवलं. ती दुसरी खोली असणं, जिथं आपण वडिलांशिवाय कुणीतरी असतो, मला फार मोलाची वाटते. आणि तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज, वडील गेल्यावर जन्मले, त्यांनी १६८५ पासून पालखी सुरू केली, वडिलांसारखे अभंग करत बसले नाहीत, जे त्यांना जमत होतं ते केलं, आणि आज आषाढीला लाखो माणसं त्याच वाटेनं चालतात.

लेकीला सप्त्यात एखादा अभंग म्हणायचा असला तर म्हणू दे, पण तिला विचारून, व्हिडिओ न करता, आणि फ्लेक्सवर तिचा फोटो न लावता. दहावीपर्यंत तरी चॅनलवर नको असं माझं मत आहे, तिनं हट्ट केला तरी, कारण दहा वर्षांच्या मुलीला टाळ्या दिसतात, खालच्या कमेंट दिसत नाहीत. आणि उद्या ती म्हणाली की आता नको, तर "एवढा आवाज आहे, वाया घालवू नकोस" असं म्हणायचं नाही, क्लासची फी गेली तर गेली.

मुलगा तयार असेल तर घेऊन या, जबरदस्तीनं नको. पहिल्या वेळी तो एकटाच आत बसेल, तुम्ही दोघं बाहेर, आणि तो माझ्याशी काय बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही, जिवाला धोका आहे असं काही असलं तरच सांगेन, हे त्याला आधीच सांगा. महाराजांनाही सांगा.